रिझ, करिष्मा आणि आपलं रिझवणं

मध्यंतरी एका सिरीजचे सबटायटल्स करत होते, इंग्लिशमधून मराठीत. शाळाकॉलेजातल्या पोरांची गोष्ट, त्यामुळे दर दोन मिनिटांनी एक नवा शब्द समोर येतो, आणि आमच्या कामाची अडचण अशी की दोन ओळी मिळतात, एका ओळीत जेमतेम चाळीस-बेचाळीस अक्षरं, आणि पोरगं बोलून मोकळं व्हायच्या आत बघणाऱ्याचं वाचून झालं पाहिजे. तळटीप नाही, कंस नाही, समजावून सांगायला जागाच नाही. त्यात हा सीन आला. दोन मित्र भिंतीला टेकून उभे, समोरून एक मुलगी येते, त्यातला एकजण कधीपासून तिच्याशी बोलायचं ठरवून आलेला, तो पुढे होतो, तोंड उघडतो आणि तिला फक्त किती वाजले ते विचारतो. ती सांगते आणि निघून जाते. मागचा मित्र म्हणतो, ब्रो, यू हॅव झीरो रिझ.

पाच शब्द, सव्वा सेकंद. मी त्या सव्वा सेकंदावर दोन दिवस अडकले.

अर्थ माहीत नव्हता अशातला भाग नाही, रिझ म्हणजे समोरच्याला आपल्याकडे ओढून घेण्याची हातोटी, हा शब्द आता कुणाच्या कानावरून गेला नाही असं फार थोडं झालं असेल. पण अर्थ माहीत असणं वेगळं आणि तो दुसऱ्या भाषेत नेऊन बसवणं वेगळं, तिथे शब्द खराखुरा काय आहे ते कळायला लागतं.

पहिला प्रयत्न साहजिकच "तू अजिबात आकर्षक नाहीस" असा होता आणि तो लिहितानाच खोडला. एकतर असं कुणी पोरगं बोलत नाही, आणि दुसरं म्हणजे आकर्षक म्हटलं की डोळ्यांसमोर चेहरा येतो, आणि त्या सीनमधला मुलगा दिसायला चांगला देखणा आहे. सगळी गंमत तिथेच आहे ना, देखणा आहे तरी रिझ नाही. मग "तुझी काही छाप पडत नाही" लिहिलं. हे जरा बरं, पण छाप पडते ती भाषणाची, इंटरव्ह्यूत, मोठ्या लोकांवर. "लाइन मारणं" चालेना कारण लाइन मारणं हा नुसता प्रयत्न झाला, ती कुणीही मारू शकतं, त्या पोरानेही एका अर्थी मारलीच की, रिझ हा त्या प्रयत्नाच्या पुढचा भाग आहे, समोरच्याला ते आवडण्याचा. "इम्प्रेशन मारणं" यात खोटेपणा येतो. "रुबाब" आणि "ऐट" हे तर माणूस एकटा आरशासमोर उभा राहूनही करू शकतो, आणि रिझ एकट्याला असूच शकत नाही, त्याला दोन माणसं लागतात. "नखरा" म्हटलं की आपण लगेच बाईमाणसाकडे बघतो, रिझ उलट जास्त करून मुलांबद्दल बोललं जातं, पण मुलींनाही तितकंच लागू पडतं.

अर्थाने सगळ्यात जवळ आला तो "लाघवी". लाघवी बोलणं, लाघवी स्वभाव. खरंच सुंदर शब्द आहे आणि रिझमधला गोडवा त्यात पुरेपूर आहे. पण सोळा वर्षांचा मुलगा मित्राला "तू लाघवी नाहीस रे" म्हणाला तर बघणारा सीनमधून बाहेरच पडेल.

राहिलं "पटवणं". वापराच्या दृष्टीने हाच सगळ्यात सोयीचा, "तुला पोरगी पटवता येत नाही" लिहिलं की काम झालं. मला ते करायचं नव्हतं आणि त्याचं कारण पुढे सांगते, आधी हा शब्द आला कुठून ते.

रिझ म्हणजे करिझ्मा या शब्दाचा मधला तुकडा. इंग्लिशमधे लांब शब्द तोडून वापरायची जुनी खोड आहे, सहसा पुढचा भाग ठेवतात आणि मागचा टाकून देतात, पण कधीकधी मधलाच ठेवतात, इन्फ्लुएन्झाचा फ्लू झाला तो असाच आणि रेफ्रिजरेटरचा फ्रिजही तसाच. करिझ्मा हा शब्द म्हणताना सगळा जोर "रिझ"वर येतो, म्हणून तोच तुकडा हाताला लागला. न्यूयॉर्कचा काय सेनाट हा ट्विचवर लाइव्ह स्ट्रीम करणारा तरुण, तो आणि त्याचे मित्र हा शब्द वापरायचे, तिथून २०२२ मधे तो टिकटॉकवर पसरला. मग जून २०२३ मधे स्पायडरमॅन झालेल्या टॉम हॉलंड या नटाने एका मुलाखतीत सांगितलं की आपल्यात रिझ अजिबात नाही, आणि ज्यांनी तोवर ऐकला नव्हता त्यांनीही तो शब्द सर्च केला. ४ डिसेंबर २०२३ ला ऑक्सफर्डच्या शब्दकोशवाल्यांनी त्याला वर्षाचा शब्द म्हणून जाहीर केलं. आठ शब्दांची यादी होती, लोकांच्या मतांनी त्यातले चार पुढे गेले, रिझ, स्विफ्टी, प्रॉम्प्ट आणि सिच्युएशनशिप, आणि मग त्यांच्या भाषातज्ज्ञांनी रिझ निवडला. व्याख्याही त्यांनी नेमकी केली आहे, स्टाइल, मोहकपणा किंवा आकर्षकपणा, आणि प्रेमाचा जोडीदार आपल्याकडे ओढून घेण्याची क्षमता. मला यातला क्षमता हा शब्द महत्त्वाचा वाटतो. हॉट, क्यूट, हँडसम हे तुम्ही असता. रिझ तुमच्याकडे असतं आणि ते चालवावं लागतं.

म्हणूनच इंग्लिशमधे त्याचं व्याकरणही वेगळं आहे. "ही इज रिझ" असं कुणी म्हणत नाही, "ही हॅज रिझ" म्हणतात. मोजता येत नाही, एक रिझ दोन रिझ असं होत नाही, पण प्रमाण सांगता येतं, झीरो रिझ, नो रिझ, अनलिमिटेड रिझ. चांगलं जमलं तर डब्ल्यू रिझ, म्हणजे विनमधला डब्ल्यू, आणि फसलं तर एल रिझ, लॉसमधला एल. काही न बोलता नुसत्या असण्याने जमतं ते अनस्पोकन रिझ. ज्याला हे जमतं तो रिझलर. आणि क्रियापद होतं तेव्हा मागे अप लागतो, रिझ अप करणं, म्हणजे बोलून बोलून समोरच्याला आपल्याकडे वळवणं.

हे सगळं माझ्या भाचीकडून पक्कं करून घेतलं. ती सतरा वर्षांची आहे. मी तिला फोनवर सहज म्हटलं की तुझा नवा हेअरकट एकदम रिझ आहे, तर तिने लगेच थांबवलं, "मावशी, हेअरकट रिझ नसतो गं, हेअरकटमुळे कुणाला रिझ येऊ शकतं." किती स्वच्छ सांगितलं तिने, मी ते वहीत उतरवून ठेवलंय. मग मी विचारलं की मराठीत बोलताना तुम्ही "त्याचा रिझ" म्हणता, "त्याची रिझ" की "त्याचं रिझ", तर ती म्हणाली "त्याचं" आणि मागून तिची मैत्रीण ओरडली "त्याची!" दोघींचं पाच मिनिटं भांडण. नवा शब्द मराठीत आला की आधी त्याचं लिंग ठरायचं असतं आणि ते असंच कुणाच्या तरी बोलण्याबोलण्यात ठरतं, ठरेपर्यंत सगळे बरोबर. मी नपुंसकलिंगी धरते, करिष्मा जरी पुल्लिंगी असला तरी.

आता त्या करिष्म्याकडे वळते, कारण तिथे मला फार मजेशीर गोष्ट सापडली. इंग्लिश करिझ्मा हा मूळ ग्रीक खारिस्मा, खारिस म्हणजे कृपा, आणि खारिस्मा म्हणजे कृपेने मिळालेलं देणं. ख्रिस्ती धर्मग्रंथात संत पॉलच्या पत्रांमधे तो याच अर्थाने येतो, देवाने माणसाला दिलेली देणगी. तिथून जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने तो नेतृत्वासाठी उचलला, परंपरेने मिळणारी सत्ता, कायद्याने मिळणारी सत्ता आणि व्यक्तीच्या विलक्षणपणातून मिळणारी करिझ्मॅटिक सत्ता, आणि मग तो राजकारणात, सिनेमात, सगळीकडे गेला.

आपण मराठीत त्याला करिष्मा म्हणतो, नेत्याचा करिष्मा, कर्णधाराचा करिष्मा, आणि आपल्याला वाटतं की तोच शब्द जरा आपल्या उच्चाराने. तसं नाहीये! करिष्मा आपल्याकडे आला फारसीतून, उर्दू-हिंदीच्या वाटेने, आणि फारसीत त्याचा जुना अर्थ आहे डोळ्यांचा इशारा, नखरा, मोहक विभ्रम. पुढे हिंदीत तो चमत्कार या अर्थाने रुळला आणि मग इंग्लिश करिझ्माशी आवाज जुळला म्हणून पेपरवाल्यांनी त्याच्या जागी बसवला. म्हणजे दोन वेगळ्या घरचे शब्द, तोंडवळा सारखा म्हणून आपण त्यांना भाऊ समजत आलो. आणि बघा ना, ग्रीक शब्दाला कृपेपासून नजरेच्या खेळापर्यंत यायला कितीतरी शतकं आणि शेवटी एक ट्विचवाला लागला, तर फारसी शब्द निघालाच होता नजरेच्या खेळापासून. हे मला ज्या रात्री कळलं त्या रात्री झोप लागली नाही, खरंच सांगते.

आणि मग साहजिकच दुसरी गोष्ट डोक्यात आली, जी खरं तर पहिल्याच दिवशी यायला हवी होती. रिझवणं.

मन रिझवणं, श्रोत्यांना रिझवणं, रडणाऱ्या बाळाला रिझवणं. आपल्याकडे हा शब्द आधीपासून आहे, रिझणं म्हणजे खूश होणं, आनंदून जाणं आणि रिझवणं म्हणजे खूश करणं. हिंदीत रीझना, रिझाना. संस्कृतातल्या ऋध् या धातूपासून प्राकृतातून तो आला असं मानतात, म्हणजे ऋद्धी-सिद्धीमधली ऋद्धी ही त्याची जवळची नातेवाईक. ग्रीक खारिस्माशी याचा सुतराम संबंध नाही. निव्वळ योगायोग. असे योगायोग भाषांमधे होतात, इंग्लिश बॅड आणि फारसी बद, जो आपल्या बदनाम आणि बदसूरमधे आहे, दोघांचा अर्थ वाईट, आवाज जवळजवळ तोच आणि नातं काही नाही. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबराम नावाच्या भाषेत कुत्र्याला डॉगसारखाच शब्द होता आणि तो इंग्लिशमधून गेलेला नव्हता, भाषाशास्त्र शिकवताना हे उदाहरण नेहमी देतात. रिझ आणि रिझवणं हे त्याच रांगेत बसतं, आणि ते आपल्या वाट्याला आलंय याचा मला अगदी मनापासून आनंद झाला.

पण नुसता आवाज जुळला म्हणून मी एवढी लिहीत बसले नसते. मला वाटतं आपला रिझवणं हा शब्द रिझचा अर्थ इंग्लिशपेक्षाही नीट सांगतो.

इंग्लिशमधले आकर्षकपणाचे शब्द उघडून बघितले तर किती ठिकाणी जादूटोणा निघतो. चार्म हा लॅटिन कार्मेनपासून, म्हणजे गाणं किंवा मंत्र. फॅसिनेट म्हणजे मुळात नजर लावून बांधून ठेवणं. ग्लॅमर तर ग्रामरचंच स्कॉटिश रूप, ग्रामर म्हणजे पोथीतली विद्या, पोथी वाचता येणाऱ्याला मंत्रतंत्र येणारच अशी लोकांची समजूत, त्यामुळे ग्लॅमर म्हणजे डोळ्यांवर टाकलेली भूल, आणि वॉल्टर स्कॉट या स्कॉटिश लेखकाच्या लिखाणातून तो सगळीकडे पोचला. आपल्याकडेही तेच आहे, मोहिनी घातली, भुरळ पाडली, भारून टाकलं, गारूड केलं. गारूड हे सापाचं विष उतरवणाऱ्या गरुडमंत्रापासून. या सगळ्यात एकजण करणारा आणि दुसरा ज्याच्यावर केलं जातं तो, त्याला बिचाऱ्याला शुद्धच नाही.

रिझवणं तसं नाही. ते रिझणं या क्रियापदाचं प्रयोजक रूप आहे, हसणं-हसवणं, रडणं-रडवणं तसं रिझणं-रिझवणं. म्हणजे मुख्य क्रिया समोरच्याची आहे! मी कितीही हसवलं तरी हसायचं तुम्हालाच आहे, तुम्ही हसला नाहीत तर मी हसवलं असं म्हणताच येत नाही. समोरची व्यक्ती शुद्धीवर आहे, ऐकतेय, आणि तिला आवडतंय. त्या सीनमधल्या पोराला झीरो रिझ का, तर ती मुलगी रिझली नाही, एवढंच.

पटवणं पण व्याकरणाने प्रयोजकच आहे, पटणं-पटवणं, मूळ अर्थ किती चांगला, एखादी गोष्ट पटणं, आणि पटवून देणं. पण "पोरगी पटवली" मधे तो अर्थ राहिलेला नाही, तिथे तिला काय पटलं हे कुणी विचारत नाही, ती एक जमा झालेली वस्तू होते, जसं बिल पटवलं तशी पोरगी पटवली. म्हणून मला तो नको होता. इंग्लिश रिझ अपमधेही हा वास आहे, तो नाकारत नाही, मुलं स्कोअर मोजल्यासारखं बोलतात तेव्हा मला ते आवडत नाही आणि भाचीलाही आवडत नाही. पण शब्दाच्या पोटात दोन्ही शक्यता आहेत आणि त्यातली कुठली मराठीत आणायची हे थोडंसं आमच्यासारख्यांच्या हातात असतं, सव्वा सेकंदापुरतं का होईना.

रिझ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आमच्याकडे डबिंगला येणारे एक गृहस्थ येतात. साठीचे, दिसायला अगदी चारचौघांसारखे, आवाज चांगला पण तो काय तिथे सगळ्यांचाच चांगला असतो. एकदा एक नवीन मुलगी आली होती, पहिलंच रेकॉर्डिंग, हातातला कागद थरथरत होता आणि त्या थरथरीचा आवाज माइकमधे येत होता. दुसऱ्या कुणीही तिला टेन्शन घेऊ नको म्हटलं असतं. यांनी हेडफोन काढून मानेवर ठेवला, खुर्ची पूर्ण तिच्याकडे वळवली आणि विचारलं, कागद जाड हवाय का, मला पण पातळ कागदाचा फार त्रास होतो. ती हसली. मग त्यांनी तिला नाव विचारलं, तिने सांगितलं, त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं, बरोबर आहे ना असं तिच्याकडे बघून, आणि पुढचा तासभर प्रत्येक वेळी तिला त्या नावाने हाक मारली. त्या मुलीने त्या दिवशी जे काम केलं ते आजही ऐकण्यासारखं आहे.

हे मी भाचीला सांगितलं आणि म्हटलं हेच ना रिझ? ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "नाही गं मावशी, हे छानच आहे पण रिझमधे थोडं फ्लर्ट पाहिजे, थोडी रिस्क पाहिजे. हे काका म्हणजे ग्रीन फ्लॅग, भरवशाचा माणूस." बरोबर आहे तिचं, शब्द त्यांचा आहे आणि त्यांना त्याची धार माहीत आहे. पण त्यातला पाया तोच आहे असं मला अजूनही वाटतं, लक्ष आपल्यावरून काढून समोरच्यावर ठेवणं, त्यावर मग फ्लर्टिंग चढवा नाहीतर नका चढवू.

एक मात्र होतंय, शब्द पातळ होत चाललाय. आता मांजराच्या फोटोखाली रिझ लिहितात, गॉगल घातलेल्या बाळाखाली लिहितात, खुर्चीला पण रिझ असतं. भाचीला याचा राग येतो. मी तिला म्हटलं की तुमचा शब्द काही पहिलाच नाही. प्रिटी हा जुन्या इंग्लिशमधे धूर्त, चलाख या अर्थाचा होता. क्यूट म्हणजे अक्यूटचा पुढचा अ गळून पडलेला, अर्थ तल्लख, हुशार, आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तो गोड दिसण्यावर गेला. दोन्ही शब्द डोक्याच्या चलाखीपासून निघाले आणि चेहऱ्यावर येऊन थांबले. रिझही बोलण्याच्या कौशल्यापासून निघालंय आणि त्याच रस्त्याला लागलंय असं दिसतं. किंवा मधेच विरूनही जाईल, १९३९ मधे अ‍ॅन शेरिडन या नटीला ऊम्फ गर्ल म्हणायचे, तेव्हा ऊम्फ हा केवढा गाजलेला शब्द होता, आज कोण कुणाला म्हणतं.

तर सबटायटलचं काय केलं. झीरो रिझच्या जागी मी शेवटी "भावा, तुझ्यात रिझच नाही" असं ठेवलं, शब्द तसाच, कारण बघणाऱ्या मुलांना तो माहीत आहे आणि ज्यांना नाही त्यांना त्या पोराच्या चेहऱ्यावरून कळतो. पुढे सातव्या एपिसोडमधे तोच मुलगा, तीच भिंत, यावेळी तो तिला तिच्या खांद्यावरच्या व्हायोलिनच्या पेटीबद्दल काहीतरी विचारतो, खरंच उत्सुकता म्हणून, आणि ती थांबते, पेटी खाली ठेवते आणि बोलत राहते. मित्र लांबून बघतोय. ती गेल्यावर तो म्हणतो, ब्रो, यू रिझ्ड हर अप. तिथे मला दोन दिवस लागले नाहीत, दोन सेकंदही नाही. "भावा, रिझवलंस तिला!"

फाइल तपासणाऱ्यांकडून परत आली तेव्हा बाकी सगळं ओके होतं, फक्त त्या ओळीवर एक कमेंट होती. रिझवलंस हा शब्द इंग्लिश धरायचा की मराठी, कन्फर्म करा. मी खाली लिहिलं, दोन्ही.